साडेतीन किलोमीटरमध्ये इंजिन तापत नाही

प्रश्न असा आला आहे: "सिडकोत पवननगरला राहतो. अंबड एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला जातो, एका वेळचं अंतर साडेतीन किलोमीटर. गाडी 125 सीसी, बीएस-6, तीन वर्षं जुनी. उन्हाळ्यात 57 चं ॲव्हरेज द्यायची, डिसेंबरपासून 44 वर आली. रोज सकाळी चार-पाच मिनिटं चालू ठेवून गरम करतो, तरी हीच गत. मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर काढून साफ करू, ट्युनिंग करू, दीड हजार लागतील. करू का?"

नका करू. निदान शेवटी सांगतो ती एक तपासणी होईपर्यंत तरी नको.

नाशकात 26 वर्षं दुचाकीचं गॅरेज चालवतोय. निफाडच्या कुंदेवाडीत पारा पाच-सहावर आल्याची बातमी पेपरात आली, की त्याच आठवड्यात "ॲव्हरेज पडलं" म्हणणाऱ्यांची रांग लागते. त्यातल्या बहुतेक गाड्यांत काहीही बिघडलेलं नसतं. मुंबईला बदली होऊन गेलेली माझी जुनी गिऱ्हाइकं सांगतात की तिकडे ही तक्रार त्यांना कधी आलीच नाही. तिथली जानेवारीतली पहाट आपल्या पहाटेइतकी गार नसते, आणि कामावर जायचं अंतरही सहसा असं तीन-साडेतीन किलोमीटरचं नसतं.

आधी तुमच्या दोन आकड्यांचा हिशेब मांडू. 57 च्या ॲव्हरेजने साडेतीन किलोमीटरला 61 मिलि पेट्रोल लागतं. 44 ने 80 मिलि. फरक 19 मिलि. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर दहा मिलिचं झाकण असतं ना, तशी जेमतेम दोन झाकणं. "तेरा किलोमीटरचं ॲव्हरेज गेलं" हे ऐकायला भयंकर वाटतं, पण प्रत्यक्षात दर फेरीला दोन झाकणं पेट्रोल जास्त जातंय. दिवसाच्या दोन फेऱ्या, महिन्याचे 25 दिवस, सगळं मिळून एक लिटरच्या आत. म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. त्यासाठी दीड हजार कशाला घालायचे?

या दोन झाकणांचा अंतराशी फारसा संबंध नाही. ती गार इंजिन चालू करण्याची किंमत आहे. तुम्ही साडेतीन किलोमीटर जा नाहीतर पस्तीस, इंजिन तापेपर्यंत जे जास्तीचं जायचं ते तेवढंच जातं. पस्तीस किलोमीटरच्या प्रवासात ही दोन झाकणं मिसळली तर 57 चे 55 होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. साडेतीन किलोमीटरमध्ये तीच दोन झाकणं 57 चे 44 करतात. तुमचं इंजिन तापायला लागतं न लागतं तोच कंपनीचं गेट येतं.

आता गार इंजिन जास्त का पितं ते बघू. पेट्रोल पातळ असताना जळत नाही, जळते ती त्याची वाफ. पेट्रोलात हलके-जड असे अनेक अंश असतात. हलके अंश 35-40 अंशांपासून उकळायला लागतात, अगदी जड अंशांना 200 अंशांच्या जवळ जावं लागतं. सकाळी साडेसहाला 9 अंशांत उभ्या असलेल्या गाडीत हलके अंश तेवढे उडतात. बाकीचं इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीच्या, आणि सिलिंडरच्या गार भिंतीला दहिवरासारखं चिकटून बसतं. ठिणगीला पेट घेण्याइतकी वाफ मिळावी म्हणून पेट्रोलच जास्त सोडावं लागतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हे काम चोक करायचा. तुमच्या गाडीत ते ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, करतो. इंजिनच्या तापमानाचा सेन्सर "अजून गार आहे" सांगतो, मग ईसीयू पेट्रोलाचा फवारा सोडणारा इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि रेसही वाढवून धरतो. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. गार इंजिनात हे प्रमाण बारावर, कधी त्याच्याही खाली आणावं लागतं. सायलेन्सरच्या बेंड पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो, पेट्रोल जास्त जातंय की कमी ते तो धुरातल्या ऑक्सिजनवरून ईसीयूला कळवतो. पण तो साधारण 300 अंशांपर्यंत तापल्याशिवाय खरं सांगत नाही. तोपर्यंत ईसीयू कंपनीने भरून दिलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता मुद्दाम जास्त पेट्रोलाकडे झुकता ठेवलेला असतो. चौकात गाडी बंद पडण्यापेक्षा चार थेंब जास्त गेलेले बरे.

इथेनॉलचं नाव निघणार, म्हणून तेही सांगून टाकतो. हल्ली पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं. त्याची वाफ व्हायला पेट्रोलाच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून गार सकाळी ते थोडा त्रास देतं हे खरं आहे. लिटरमागे त्याच्यात ताकदही पेट्रोलापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या दुचाक्यांचं ॲव्हरेज तीन-चार टक्के पडेल असं लिहिलेलं आहे. पण ते पेट्रोल बारा महिने मिळतं. उन्हाळ्यातला तुमचा 57 चा आकडाही त्याच पेट्रोलावरचा असणार, त्यामुळे उन्हाळा-हिवाळ्यातला फरक त्याच्या माथी मारता येत नाही.

पेट्रोलानंतर ऑइल. आपल्या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलात असतात. फ्रीजमधलं मध आणि गॅसजवळ ठेवलेलं मध डोळ्यांसमोर आणा. 9 अंशांत ऑइल तसं घट्ट झालेलं असतं आणि पिस्टन, क्रँक, गिअर सगळ्यांना त्यातून वाट काढावी लागते. सकाळी पहिला गिअर टाकताना "खटॅक" आवाज होऊन गाडी पुढे हिसका मारते का? ती क्लच प्लेट घट्ट ऑइलामुळे एकमेकींना चिकटल्याची खूण. डब्यावर 10डब्ल्यू-30 लिहितात, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. कंपनीने 10डब्ल्यू-30 सांगितलेलं असताना "जाड ऑइल इंजिनला चांगलं" म्हणून 20डब्ल्यू-50 ओतणारे खूप आहेत. जुन्या, ढिल्या झालेल्या इंजिनात त्याला काही अर्थ असेलही. तीन वर्षांच्या गाडीत, नाशिकच्या थंडीत, साडेतीन किलोमीटरसाठी ते चुकीचं आहे. तुमच्यात काय घातलंय ते बिलावर बघा.

मला सगळ्यात महत्त्वाचं बोलायचंय ते तुमच्या चार-पाच मिनिटांबद्दल.

इंजेक्टरच्या गाड्या नव्हत्या तेव्हा मी एकदा 100 सीसीच्या गाडीला टाकीऐवजी खुणा केलेली बाटली टांगून मोजलं होतं. गरम झालेली गाडी उभ्या-उभ्या मिनिटाला तीन मिलिच्या आसपास घ्यायची. सकाळी चोक ओढून, वाढलेल्या रेसवर, चार ते पाच मिलि. तुमच्या गाडीचा आकडा थोडा वेगळा असेल, पण जात तीच. चार मिनिटं उभी ठेवली की सोळा ते वीस मिलि गेलं. म्हणजे सकाळच्या फेरीतली ती दोन झाकणं तुम्ही दारातच ओतून टाकताय, चाक एकदाही न फिरता! शिवाय उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते हळू तापतं. ज्या कामासाठी पेट्रोल जाळलं ते कामसुद्धा धड होत नाही. चालत्या गाडीत तेवढ्याच वेळात इंजिन कितीतरी जास्त तापतं.

मी लोकांचं सकाळी निघणं बघत आलोय. आधी सेल्फ मारतात. मग आत जाऊन स्वेटर, त्यावर जॅकेट. मफलर सापडत नाही. डबा राहिला म्हणून पुन्हा आत. मग हातमोजे, मग हेल्मेट, मग काचेवरचं दव पुसणं, मग गेट. गाडी तेवढा वेळ धडधडत उभी. याच्या अगदी उलट करा. सगळं अंगावर चढवा, काच आणि सीट पुसा, गाडी गेटबाहेर काढून तोंड रस्त्याकडे करा, मग स्टार्ट करा. वीस-तीस सेकंद थांबा. त्या वेळात ऑइल वर हेडपर्यंत पोचतं, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, सुरुवातीचा टकटकाट विरतो, तो कानाने ओळखता येतो. मग निघा. पहिला एक-दीड किलोमीटर 30-35 च्या वेगाने, रेस न खेचता. पण वेग कमी आहे म्हणून लगेच चौथ्या-पाचव्या गिअरमध्येही टाकू नका. गार इंजिन वरच्या गिअरात कण्हत ओढायला लावलं तर ॲव्हरेज वाचत नाही आणि बेअरिंगवर भार येतो. तेवढ्या अंतरापर्यंत तिसरा गिअर पुरे.

हे फक्त पेट्रोलासाठी सांगत नाहीये. बिल्डिंगच्या बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात गाडी गरम करायला ठेवू नका. जास्त पेट्रोल जाळणाऱ्या गार इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, आणि सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गार असल्यामुळे तो वायू साफ होत नाही. या विषारी वायूला वास नसतो. वरच्या मजल्यावर झोपलेली लहान पोरं असतात.

ज्यांच्याकडे अजून कार्ब्युरेटरच्या, म्हणजे बहुतेक करून एप्रिल 2020 आधीच्या, गाड्या आहेत त्यांनी चोक अर्ध्या मिनिटाने अर्धा आत घालावा आणि गल्ली संपेपर्यंत पूर्ण. चोक ओढलेलाच ठेवून सातपूरपर्यंत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, प्लग काजळासारखा काळा करून येतात.

चाकातली हवा हे दुसरं दुर्लक्षित प्रकरण. तापमान 20 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण अडीच पीएसआयने उतरते. तुम्ही ऑक्टोबरच्या दुपारी, गाडी फिरवून आल्यावर, टायर गरम असताना पुढे 25 भरली असेल तर डिसेंबरच्या पहाटे ती 22 च्या आसपास असते. पंक्चर नाही, व्हॉल्व्ह गळत नाही, तरी कमी. थंडीत आठवड्यातून एकदा, घराजवळच्या पंपावर, टायर गार असताना भरा. आकडा चेन कव्हरवरच्या किंवा स्विंग आर्मवरच्या स्टिकरचा धरा, हवा भरणाऱ्या पोराच्या अंदाजाचा नको. गार हवा जडही असते. 35 अंशांच्या मानाने 10 अंशांतली हवा नऊ टक्के घट्ट असते, पण तुमच्या 40 च्या वेगात तिने फार फरक पडत नाही. हायवेवर 70-80 ने जाणाऱ्याला जाणवेल.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. महिन्याला शंभर रुपयांचं पेट्रोल गेलं तर गेलं. पण छोट्या फेऱ्यांत इंजिनाच्या आत जे साठतं त्याची मला जास्त काळजी वाटते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सकाळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर ती वाफच असते. बऱ्याच जणांना वाटतं ऑइल जळतंय, पण ऑइलचा धूर निळसर असतो आणि गाडी तापल्यावरही थांबत नाही. गार सायलेन्सरमध्ये त्या वाफेचं पाणी होतं आणि तळाशी साचतं. रोज गाडी पूर्ण तापायच्या आत बंद झाली तर ते पाणी उडून जायला संधीच मिळत नाही. सायलेन्सर आतून गंजत येतो आणि काही वर्षांनी एक दिवस खालून भोक पडतं. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलातही जाते. सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं न जळालेलं पेट्रोलही तिथेच उतरतं.

उद्या गाडी गार असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला तर ते पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं मिश्रण आहे. घाबरू नका, एअर कूल्ड, म्हणजे हवेने गार होणाऱ्या, गाडीत कूलंटच नसतं, त्यामुळे ते ऑइलात गळण्याचा प्रश्न नाही. डिपस्टिकला, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीला, पेट्रोलाचा वास येतो का बघा. पातळी महिन्यापूर्वीपेक्षा वर आलेली असेल तर "ऑइल खात नाही, चांगली गाडी आहे" असं समजू नका. त्यात पेट्रोल मिसळलंय आणि ऑइल पातळ होऊन त्याची चिकटण्याची ताकद गेली आहे.

यावर औषध एकच, गाडीला आठवड्यातून एकदा पोटभर पळवणं. रविवारी 25-30 किलोमीटर एका दमात. ऑइल पूर्ण तापलं की पाणी आणि पेट्रोल दोन्ही उडून ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, निघून जातात. प्लगलाही त्याची गरज असते. त्याचं टोक साधारण 450-500 अंशांपर्यंत तापलं तर त्यावरची काजळी आपोआप जळते, तुमच्या साडेतीन किलोमीटरमध्ये ते फार वेळ तिथे टिकत नाही. आणि ऑइल बदलताना फक्त किलोमीटर बघू नका. तुमची गाडी महिन्याला पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर चालते. तीन हजारांची वाट बघाल तर सव्वा वर्ष तेच ऑइल राहील. थंडी सरली की, फेब्रुवारीअखेर, किती चालली ते न बघता बदलून टाका.

ट्युनिंगबद्दल तुम्ही विचारलंत, तर माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी डिसेंबरात एका दूधवाल्याने "ॲव्हरेज काढून द्याच" म्हणून हट्ट धरला. कार्ब्युरेटरची गाडी होती, मी पेट्रोल कमी करून दिलं. महिनाभर तो खूश होता. एप्रिलमध्ये उन्हात, दोन्ही बाजूंना कॅन लावून चढावर गाडी इतकी तापली की पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरात अडकून बसला. सिलिंडर-पिस्टनचं काम मी माझ्या पैशाने करून दिलं आणि तेव्हापासून थंडीतल्या ॲव्हरेजसाठी कुणाच्या गाडीचं पेट्रोल तोडलेलं नाही. बीएस-6 गाडीत तर तो प्रकार सेन्सरला फसवून करतात, त्याच्या वाटेलाही जाऊ नका. टाकीत ओतायच्या "मायलेज वाढवणाऱ्या" बाटल्यांना गार भिंतीवर पेट्रोलाची वाफ करता येत नाही. पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं हेही खरं नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही.

आता ती तपासणी. रविवारी सकाळी पंपावर टाकी फुल करा. ऑटो कट झाल्यावर थांबा, वरून टपाटपा भरायला लावू नका. गाडी मेन स्टँडवर उभी असू द्या. तिथून त्र्यंबकेश्वरला जाऊन या, जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आसपास होतील. वेग 45-50. परत येताना त्याच पंपावर, त्याच मशीनवर, तशीच मेन स्टँडवर लावून पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. मीटरवर दिसणारं ॲव्हरेज धरू नका, भरलेल्या पेट्रोलाने किलोमीटरला भागा. 50-100 मिलि इकडेतिकडे होणारच, म्हणून जमलं तर पुढच्या रविवारी पुन्हा एकदा करा. रोजच्या वापरात दोनशे-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून काढलेल्या ॲव्हरेजवर मी विश्वास ठेवत नाही.

दोन्ही वेळा 54-55 च्या पुढे आलं तर तुमची गाडी ठणठणीत आहे. सकाळचं उभं राहणं बंद करा, हवा भरा. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा दूध-भाजीला गाडी काढता का? ती कामं परतीच्या वाटेवरच उरका, म्हणजे एक गार स्टार्ट वाचतो. माझ्या अंदाजाने एवढ्याने 49-50 पर्यंत याल. उरलेलं मार्च महिना परत करेल.

आणि त्र्यंबकच्या फेरीतही 50 च्या खाली आलं, तर मात्र गाडी दाखवा, पण या क्रमाने. मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक शू घासतात का बघायचं, पुढचं चाकही. चेनचा ताण बघायचा, फार ओढलेली चेनही ॲव्हरेज खाते. मग एअर फिल्टर. अंबडच्या रस्त्यावरची धूळ तुम्हाला माहीतच आहे. ऑइल लावलेला कागदी फिल्टर असेल तर त्यात हवा मारून साफ करता येत नाही, बदलावाच लागतो. मग टॅपेट, गाडी पूर्ण गार असताना, फीलर गेज लावून, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने. मग प्लग काढून रंग बघायचा. त्यानंतर स्कॅनर लावून तापमानाचा सेन्सर काय सांगतोय ते वाचायचं. इंजिन गरम असून तो गार सांगत असेल तर ईसीयू दिवसभर सकाळसारखंच पेट्रोल देत राहतो. इंजेक्टर साफ करायची पाळी या सगळ्यानंतर.